हिलालच्या हायलक्सला अर्थ देताना

बॉनेट उघडलं तर आत वाळू,
एअर फिल्टरपासून फ्यूज बॉक्सपर्यंत, पिठासारखी बारीक.
इब्रीच्या सनैयात सकाळचे नऊ,
पाना आत्ताच हाताला चटका देतोय.

हिलाल म्हणाला, इन्व्हर्टर बसव. हजार वॅटचा.
कशासाठी, ते विचारायची आमच्यात पद्धत नाही.
लोक कायही चालवतात : किटली, ड्रिल,
एकाने तर बकऱ्यांसाठी कूलर लावला होता.
पण याने आणलेला डबा स्वस्तातला,
चौकोनी लहरीचा,
म्हणून विचारलं.

बाप, म्हणाला. मशीन. हवा.
छातीवर हात ठेवून श्वास ओढून दाखवला.
इस्पितळातून पळून उंटांकडे आलाय म्हातारा,
म्हणतो, मरेन तर इथेच,
आणि इतक्यात मरायला मला वेळ नाही.

डबा परत पाठवला.
चौकोनी लहरीवर दिवा लागतो,
पंखा कुरकुरत का होईना फिरतो,
श्वास द्यायचा तर लहर गोल हवी,
हातपंपाच्या दांड्यासारखी, सावकाश वर, सावकाश खाली.
एरवी फ्यूजच्या पन्नास बैशांसाठी भांडणारा हिलाल,
त्याने वरचे बावन्न रियाल
न बोलता मोजले.

हिशेब मांडला पुठ्ठ्यावर :
साडेतीनशे वॅट, भागिले बारा,
वर इन्व्हर्टरची स्वतःची भूक,
तेहतीस अँपिअर.
शंभराची बॅटरी, अर्ध्याखाली उतरवायची नाही.
म्हणजे दीड तास.
मागे दोन टाकल्या तर तीन,
पुढची मूळची वेगळी राखून, इंजिन सुरू होण्यापुरती.
दोन टाक, हिलाल म्हणाला,
मलाही झोप येते.

अन्वर तुंगेकर, माझा हेल्पर, जयगडच्या खाडीकाठचा,
फायरवॉलच्या भोकात रबर बसवतो.
नाहीतर पत्र्याची धार केबल सोलते,
महिन्याने, वर्षाने, कधीतरी रात्रीच.
लाल केबल पस्तीसची, करंगळीएवढी.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.
वीत माझी की तुमची? तो विचारतो.
ज्याचा बाप त्या नळीवर आहे त्याची.

उरली काळी.
गाडी चार टायरांवर उभी. सगळं रबर.
तिला जमीन नसते.
मग चासीलाच जमीन मानायचं,
रंग खरवडायचा, गंज असेल तर तोही,
खालचं लोखंड चकाकेपर्यंत,
आणि तिथे आवळायचा बोल्ट.
आमच्याकडे याला अर्थ देणं म्हणतात.
अन्वरला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
अर्थ ढिला असला की सगळं चालू दिसतं
आणि धड काहीच चालत नाही.
तो हसला होता.
त्याच्या व्हिसावर तेव्हा 'मेंढपाळ' लिहिलेलं होतं.

संध्याकाळी मशीन जोडलं. हिरवा दिवा.
हिलालने नळी स्वतःच्याच नाकाला लावली,
डोळे मिटले, बराच वेळ.
काय झालं?
काही नाही, म्हणाला. येतेय.

रात्री दोनला फोन.
पलीकडे इन्व्हर्टरचं बीप, बीप, बीप.
आधी गाडी चालू कर, मग बोल, म्हटलं.
सेल मारला. एकदा. दोनदा. धरलं.
बीप थांबलं, आणि त्याखालून मशीन ऐकू आलं,
फुस्स, मग थांबणं, मग फुस्स,
आणि त्याहून मोठ्याने म्हातारा, अरबीत, तावातावाने,
बहुतेक इंजिनाने उंटीण बिथरली म्हणून.
हिलाल माफी मागत होता,
त्याची, माझी की उंटिणीची, कळलं नाही.

फोन कानाला तसाच धरून पडलो होतो.
वरच्या बंकवरून अन्वर अर्धवट झोपेत म्हणाला,
कुठला बोल्ट?

कुठलाच नाही. झोप.